बुद्धिवर्धक पूरके आणि आपली ज्ञानेंद्रिये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरजेत माझ्याकडे श्रवणचाचणीसाठी येणाऱ्यांच्या पिशवीत जुन्या रिपोर्टांबरोबर हल्ली एखादी कॅप्सूलची बाटली हमखास असते. सांगलीच्या अभ्यासिकांत बसणारी स्पर्धा परीक्षेची मुले, कराड-साताऱ्याकडचे निवृत्त शिक्षक, साखर कारखान्याच्या मिल हाउसमध्ये उमेदीची वर्षे घालवलेले कामगार, लहान मुलांचे आईवडील असे सगळेच ‘मेंदूसाठी’ काही ना काही घेत असतात. त्या गोळीचा कानावर, डोळ्यांवर, वास-चवीवर किंवा हातापायांच्या संवेदनेवर चांगला-वाईट काय परिणाम होतो, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. चालू असलेले कोणतेही औषध केवळ हे वाचून बंद करू नये, ती गोष्ट आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावी.

बुद्धिवर्धक पूरके म्हणजे नेमके काय काय?

या एका नावाखाली चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली जीवनसत्त्वे आणि खनिजे, उदाहरणार्थ बी १२, बी ६, फॉलिक आम्ल, झिंक, मॅग्नेशियम आणि त्यांच्या जोडीला ओमेगा-३. दुसरी वनस्पती, म्हणजे ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा, जिंको, हळदीतील कर्क्युमिन. तिसरी कॅफिनसारखी उत्तेजके. चौथ्या गटातील पदार्थ मुळात औषधे आहेत, पण पूरक म्हणून हातोहात फिरतात. पिरॅसिटॅम आणि मोडाफिनिल ही त्यातली ठळक नावे. या चारही गटांचे धोके सारखे नाहीत, त्यामुळे ‘पूरके चांगली की वाईट’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही.

कॅप्सूल सुरू केल्यापासून आवाज अधिक स्पष्ट ऐकू येतात आणि रंग गडद दिसतात असे वाटते. हे खरे आहे की भास आहे?

अनुभव खरा असू शकतो, मात्र त्याचे कारण बहुधा कानात नसते. बाहेरचा आवाज पडद्यावर आदळतो, तीन छोटी हाडे तो आत पोहोचवतात आणि कॉक्लिआतील, म्हणजे आतल्या कानाच्या शंखाकृती भागातील, रोमपेशी त्याचे विद्युतसंदेशात रूपांतर करतात. एका कानात अशा साधारण पंधरा-सोळा हजार रोमपेशी असतात आणि माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आज बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही पूरकाने त्या परत आणता येत नाहीत. ऐकण्याचा दुसरा अर्धा भाग मेंदूत घडतो. आलेल्या संदेशांतून कोणता उचलायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे लक्ष ठरवते. कॅफिनने किंवा चांगल्या झोपेने माणूस तरतरीत झाला की तेच कान अधिक ‘तीक्ष्ण’ वाटू लागतात.

पिरॅसिटॅमबद्दल रंग आणि संगीताचे असे अनुभव विशेष ऐकू येतात. बेल्जियममधील यूसीबी कंपनीत १९६४ साली हे रसायन तयार झाले आणि त्यावर काम करणारे कॉर्नेल्यू ज्युर्जिया यांनी १९७२ साली अशा पदार्थांसाठी ‘नूट्रॉपिक’ ही संज्ञा रूढ केली. आपल्याकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायचे औषध आहे. ते मूत्रपिंडावाटे शरीराबाहेर जाते, त्यामुळे मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत त्याची मात्रा साचू शकते. अस्वस्थता आणि झोपाळूपणा हे त्याचे ज्ञात दुष्परिणाम आहेत.

खरा-खोटा निवाडा श्रवणचाचणीत होतो. बंद खोलीत कानांवर हेडफोन लावून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे (म्हणजे जाड ते बारीक) स्वर एकेक करून ऐकवले जातात, आवाज हळूहळू कमी केला जातो आणि रुग्ण ऐकू येताच बटण दाबतो. तंतुवाद्ये घडवणाऱ्या एका ज्येष्ठ कारागिरांनी याच खोलीत मला विचारले होते की, कान शाबूत ठेवायला कोणती कॅप्सूल घ्यावी. घोडी तासून तानपुऱ्याची जवारी लावणारा, तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवून आवाजाचा फरक ओळखणारा तो माणूस. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे अशाच कानांची पुण्याई आहे. त्यांच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या पुढे रेषा वयोमानानुसार उतरलेली होती, तरी जवारीतला फरक त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगला कळत होता. ती तयारी वर्षानुवर्षांच्या सरावाने मेंदूत झालेली असते, आणि कॅप्सूलने तिच्यात भर पडल्याचे कोणत्याही चाचणीत दिसलेले नाही.

कानात सतत रातकिड्यांसारखा आवाज येतो. जिंकोच्या गोळ्यांनी तो थांबतो का?

जिंकोमुळे कानाचा आणि मेंदूचा रक्तपुरवठा सुधारतो, हा त्यामागचा विक्रीचा मुद्दा. प्रत्यक्ष चाचण्यांचे एकत्रित परीक्षण केले असता, कानातला आवाज हीच मुख्य तक्रार असलेल्या रुग्णांना जिंकोचा फायदा होत असल्याचे सिद्ध झाले नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तर या तक्रारीसाठी जिंको, मेलाटोनिन, झिंक किंवा इतर आहारपूरके सुचवू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. स्मरणशक्तीच्या बाबतीतही निराशाच झाली. अमेरिकेत ७५ वर्षे व त्यापुढील ३,०६९ व्यक्तींवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिवसातून दोनदा १२० मिलीग्रॅम जिंको सुमारे सहा वर्षे देऊनही स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी झाले नाही.

येथे एक गंभीर सावधगिरी आवश्यक आहे. हृदयविकारानंतर अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तीने जिंको परस्पर सुरू केल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. घरातील वडीलधाऱ्यांना मुले-सुना प्रेमाने अशा बाटल्या आणून देतात आणि डॉक्टरांना ते सांगायचे राहून जाते, असे वरचेवर होते.

कानातल्या आवाजाचे मूळ बहुतेक वेळा वयोमानाने किंवा गोंगाटाने कमी झालेल्या श्रवणात असते. त्यामुळे आधी श्रवणचाचणी करावी, कानातला मळ तपासून घ्यावा, चालू औषधांची यादी दाखवावी. मोठ्या मात्रेतील अ‍ॅस्पिरिन आणि क्विनीन यांनीही कानात आवाज येतो आणि औषध थांबवल्यावर तो सहसा ओसरतो. ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्र, रात्री मंद पार्श्वध्वनी आणि आवाजाकडे बघण्याची दृष्टी बदलणारे समुपदेशन यांचा उपयोग होतो.

म्हणजे कानासाठी एकही पूरक उपयोगी नाही?

असे सरसकट म्हणणे अन्यायाचे ठरेल. नेदरलँड्समध्ये ५० ते ७० वयाच्या ७२८ व्यक्तींना तीन वर्षे रोज ८०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. २००७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फॉलिक आम्ल घेणाऱ्यांत कमी वारंवारतेच्या स्वरांचे श्रवण किंचित हळू घटले आणि याच प्रकल्पात स्मरणाच्या व आकलनवेगाच्या चाचण्यांतही फायदा दिसला. मात्र श्रवणातील फरक सुमारे ०.७ डेसिबलचा होता, जो रोजच्या बोलण्यात जाणवणारही नाही, आणि उंच स्वरांवर काहीच परिणाम नव्हता. शिवाय हे लोक रक्तात होमोसिस्टीन (फॉलिक आम्ल कमी पडले की वाढणारा घटक) वाढलेले म्हणून निवडले होते आणि त्या देशात धान्यात फॉलिक आम्ल मिसळले जात नव्हते. थोडक्यात, जिथे मुळात तूट होती तिथे भर घातल्यावर थोडा फरक पडला.

मॅग्नेशियमबाबत १९९४ साली इस्रायली सैनिकांवर एक लक्षणीय प्रयोग झाला. गोळीबाराच्या प्रशिक्षणात रोज १६७ मिलीग्रॅम मॅग्नेशियम घेणाऱ्यांच्या कानांना इजा कमी झाली. तरीही प्रशिक्षणात कानात बोळे घालणे कोणी थांबवले नाही, हे लक्षात घ्यावे. मासे खाणाऱ्या स्त्रियांत बहिरेपणाचे प्रमाण कमी आढळले आहे, पण आहारातील माशांचे श्रेय माशाच्या तेलाच्या कॅप्सूलला देता येत नाही.

आमचे घर माळकरी आहे. बी १२ ची कमतरता आणि ऐकणे, स्मरण यांचा संबंध आहे का?

आहे, आणि या साऱ्या पानातला हा सर्वांत कामाचा प्रश्न आहे. बी १२ केवळ प्राणिज पदार्थांतून मिळते. शाकाहारी घरात त्याचा स्रोत म्हणजे दूध, दही, ताक, पनीर. ते कमी असेल किंवा पोटात शोषले जात नसेल, तर वर्षानुवर्षे साठा आटत जातो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि पित्तासाठी ओमेप्रॅझोलसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत ही तूट अधिक दिसते. मग विसरायला होते, चिडचिड होते, तळपायांना मुंग्या येतात, अंधारात चालताना तोल जातो, जीभ लाल होऊन आग होते, आणि क्वचित डोळ्याच्या मज्जातंतूला इजा होऊन दृष्टीही मंदावते. अनेकदा ही लक्षणे ‘वय झाले’ म्हणून सोडून दिली जातात.

कानातल्या आवाजाशी असलेला संबंध अधिक नाजूक आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या भारतीय अभ्यासात कानात आवाज येणाऱ्या रुग्णांना बी १२ ची इंजेक्शने दिली, तेव्हा ज्यांच्या रक्तात त्याची कमतरता होती त्यांनाच आराम वाटला; ज्यांची पातळी ठीक होती त्यांना नाही. यावरून करायचे काय, तर आधी रक्ततपासणी करावी आणि तूट असल्यास ती पूर्ण भरून काढावी. केवळ फॉलिक आम्ल घेत राहणे धोक्याचे आहे, कारण त्याने रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो आणि बी १२ अभावी मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते.

‘मज्जातंतूंच्या’ गोळ्या दोन वर्षे घेत आहे, तरी तळव्यांची आग आणि बधिरता वाढतच चालली आहे. असे का?

गोळीच्या पट्टीची मागची बाजू वाचावी आणि ‘पायरिडॉक्सिन’ या शब्दासमोरचा आकडा पाहावा. हे बी ६ आहे. प्रौढाची रोजची गरज सुमारे दोन मिलीग्रॅम असते आणि भाजी, डाळी, केळी यांतून ती सहज भागते. बाजारातील काही गोळ्यांत मात्र एकाच गोळीत १०० मिलीग्रॅमपर्यंत बी ६ असते. त्यात मेंदूची वेगळी कॅप्सूल, केसांची वेगळी गोळी आणि एखादे ताकदीचे पावडर यांची भर पडली की एकूण मात्रा कुठच्या कुठे जाते आणि बेरीज कोणीच करत नाही.

बी ६ पाण्यात विरघळणारे असल्याने जास्तीचे लघवीवाटे निघून जाते, ही समजूत अपुरी आहे. १९८३ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी रोज दोन ते सहा ग्रॅम बी ६ घेणाऱ्या सात रुग्णांची नोंद केली. त्यांची चाल अडखळत होती आणि हातापायांची संवेदना गेली होती. पुढे याहून बऱ्याच कमी मात्रेतही दीर्घकाळ घेतल्यास असा त्रास होतो हे लक्षात आले. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली प्रौढांसाठी रोजची कमाल सुरक्षित मर्यादा १२ मिलीग्रॅम इतकी खाली आणली. अमेरिकेतील मर्यादा अजून १०० मिलीग्रॅम आहे. विचित्र योग असा की, ज्या लक्षणांसाठी गोळी सुरू होते तीच लक्षणे गोळीच्या अतिरेकाने होतात, मग आणखी गोळ्या घेतल्या जातात. वेळीच थांबवल्यास बहुतेकांना हळूहळू बरे वाटते, पण त्याला महिने लागतात आणि काहींची बधिरता पूर्ण जात नाही. मधुमेही व्यक्तींनी तर तळपायांची संवेदना स्वतंत्रपणे तपासून घ्यावी, कारण त्यांच्यात दोन्ही कारणे एकत्र नांदू शकतात.

परीक्षेच्या काळात चहा, एनर्जी ड्रिंक आणि कॅफिनच्या गोळ्या चालतात का? त्याने कानावर परिणाम होतो का?

कॅफिनने जागरूकता वाढते, हे निर्विवाद आहे. कानातला आवाज कॅफिनने सुरू होतो, ही समजूत मात्र टिकलेली नाही. ६५ हजारांहून अधिक अमेरिकी परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात (२०१४) अधिक कॅफिन घेणाऱ्या स्त्रियांत ही तक्रार उलट कमीच आढळली. ज्यांना आधीच हा त्रास आहे, त्यांनी स्वतःपुरते निरीक्षण करून ठरवावे. चहा-कॉफी एकदम तोडल्यास डोके दुखते, आणि डोके दुखत असताना कानातला आवाजही अधिक छळतो, म्हणून कमी करायचे तर टप्प्याटप्प्याने.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनानुसार दिवसाला ३०० मिलीग्रॅमच्या पुढे कॅफिन जाऊ नये. १५० मिलीलीटर चहात ३० ते ६५, तर तेवढ्याच गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलीग्रॅम कॅफिन असते. एनर्जी ड्रिंकमध्ये नियमानुसार लीटरमागे ३०० मिलीग्रॅमपर्यंत कॅफिन चालते, म्हणजे २५० मिलीलीटरच्या कॅनमध्ये ७५ पर्यंत. अभ्यासिकेतला मुलगा पाच-सहा कप चहा, एक कॅन आणि वर २०० मिलीग्रॅमची गोळी घेतो, तेव्हा मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. त्यातून धडधड, हात कापणे, अपुरी झोप आणि साध्या आवाजानेही दचकणे, खुर्ची सरकली तरी त्रास होणे, अशी तक्रार सुरू होते. याला अनेकजण ‘कान तीक्ष्ण झाले’ म्हणतात. तो थकलेल्या मेंदूचा चिडकेपणा असतो आणि चार रात्री नीट झोप मिळाली की बहुधा निवळतो.

मोडाफिनिल किंवा ‘स्मार्ट’ गोळ्या मित्राकडून मिळतात. घ्याव्यात का?

घेऊ नयेत. मोडाफिनिल हे झोपेच्या विशिष्ट विकारांसाठीचे, चिठ्ठीशिवाय विकता न येणारे औषध आहे; त्याने क्वचित जीवघेणी त्वचाप्रतिक्रिया उद्भवते, ज्यात डोळे आणि तोंडाच्या आतील त्वचाही सोलवटते. मेथिलफेनिडेट हे लक्षविकारावरचे औषध अमली व मनःप्रभावी पदार्थांच्या कायद्याखाली येते. परीक्षेत पास होण्यासाठी यांतले काहीही आवश्यक नाही.

ब्राह्मी, शंखपुष्पी या आपल्या घरगुती वनस्पती आहेत. त्यांचा काही अपाय होऊ शकतो का?

चरकसंहितेत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी ही चार मेध्य रसायने सांगितली आहेत, म्हणजे हा विचार आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याविषयी आदर असणे स्वाभाविक आहे. ब्राह्मीच्या आधुनिक चाचण्यांत बहुधा रोज ३०० मिलीग्रॅम अर्क बारा आठवडे दिला गेला आणि स्मरणाच्या काही कसोट्यांत माफक सुधारणा दिसली. त्यात मोजले गेले ते स्मरण आणि लक्ष. कान किंवा डोळे सुधारतात असा दावा त्यावरून करता येत नाही. मळमळ, पोटात मुरडा आणि शौचाला वारंवार जावे लागणे हे नेहमीचे त्रास आहेत. ‘ब्राह्मी’ या नावाने दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात आणि शंखपुष्पीच्या बाबतीतही गोंधळ आहे, तेव्हा बाटलीवरचे शास्त्रीय नाव वाचावे.

‘घरगुती’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ असा अर्थ होत नाही. अपस्मारासाठी फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णाला शंखपुष्पीचे सिरप दिल्यावर रक्तातील फेनिटॉइन कमी होऊन झटके परत आल्याची नोंद आहे. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. अश्वगंधा आणि गुळवेल यांच्यामुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याचे अहवाल आहेत. गुळवेलीबाबतचे अहवाल कोविडच्या काळात मुंबईतूनच आले.

बाळ उशिरा बोलते म्हणून सासूबाई जिभेला अक्कलकारा आणि वेखंड लावतात. योग्य आहे का?

अक्कलकाऱ्याने जिभेला झिणझिण्या येतात आणि लाळ सुटते, त्यामुळे जीभ ‘मोकळी’ होते असे वाटणे समजण्यासारखे आहे. पण मूल बोलायला शिकते ते ऐकून. बोलणे उशिरा सुरू होत असेल, तर पहिला संशय कानावर घ्यावा. वेखंडातील बीटा-असरोन हा घटक प्राण्यांत कर्करोगकारक ठरल्याने अमेरिकेने १९६८ सालीच त्याचा खाद्यपदार्थांतील वापर बंद केला, आणि वेखंड जास्त पोटात गेल्यास दीर्घकाळ उलट्या होतात. तान्ह्या बाळाच्या बाबतीत हा धोका पत्करण्यासारखा नाही.

सासूबाईंचा हेतू बाळाच्या भल्याचाच आहे, तो मान्य करूनच त्यांच्याशी बोलावे आणि त्यांनाही तपासणीला बरोबर आणावे. ओएई आणि बेरा या कानाच्या व श्रवणाच्या मज्जातंतूच्या चाचण्या बाळ झोपलेले असतानाही होतात, दुखत नाहीत. पहिल्या महिन्यात प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार, हे जगभर मान्य झालेले वेळापत्रक आहे. ते हुकले असले तरी आज या. आणखी सहा महिने जिभेवर प्रयोग करण्यात घालवू नका, कारण भाषा शिकण्याची मेंदूची सर्वांत अनुकूल वर्षे हीच असतात.

सांगलीची हळद तर घरातलीच. कर्क्युमिनच्या कॅप्सूल घेतल्यास काय हरकत आहे?

स्वयंपाकातील हळदीविषयी कोणाचीच तक्रार नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिचा लौकिक रास्त आहे. हळदीत कर्क्युमिन साधारण दोन ते पाच टक्के असते आणि ते आतड्यातून फारच कमी शोषले जाते. बंगळूरमध्ये १९९८ साली झालेल्या अभ्यासात मिरीतील पायपरीन सोबत दिल्यावर माणसांच्या रक्तातील त्याचे प्रमाण वीसपट वाढले. तेव्हापासून बहुतेक कॅप्सूलमध्ये पायपरीन घातले जाते आणि खरी अडचण तिथून सुरू होते. पायपरीन केवळ कर्क्युमिनचेच नव्हे, तर फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल यांसारख्या औषधांचेही रक्तातील प्रमाण वाढवते. अशा कॅप्सूल घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या नोंदी अनेक देशांत झाल्या आहेत. कर्क्युमिनने कानाचे रक्षण होते हे प्रयोगशाळेतील प्राण्यांत दिसले आहे. माणसासाठी तसा सल्ला देण्याइतका पुरावा त्यातून मिळत नाही.

वास आणि चव गेली आहे. झिंक घ्यावे का?

झिंकची खरीखुरी कमतरता असल्यास चव बिघडते आणि भरपाई केल्यावर ती सुधारते. कमतरता नसताना महिनोन्‌महिने मोठ्या मात्रेत झिंक घेतल्यास शरीरातील तांबे घटते आणि त्यातून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला इजा होऊन पाय बधिर होऊ शकतात. कोविडच्या काळात सुरू झालेली ५० मिलीग्रॅमची गोळी अजूनही चालू ठेवलेले लोक भेटतात. त्यांनी ती का चालू आहे हे डॉक्टरांना विचारावे. नाकात घालण्याच्या झिंकच्या औषधांबाबत तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २००९ मध्ये इशारा दिला होता, कारण ती वापरल्यानंतर वास कायमचा गेल्याच्या शंभराहून अधिक तक्रारी आल्या होत्या.

विषाणूसंसर्गानंतर गेलेला वास परत आणण्यासाठी गोळीपेक्षा सरावाचा पुरावा अधिक चांगला आहे. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी यांचे वास सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी काही सेकंद, मन लावून घ्यायचे आणि किमान बारा आठवडे चिकाटीने चालू ठेवायचे. खर्च जवळपास शून्य आहे.

डोळ्यांवर काय परिणाम होतात?

मोठ्या मात्रेतील नायसिनने (बी ३ जीवनसत्त्वाने) दृष्टिपटलाला सूज येऊन धूसर दिसू शकते. ते थांबवल्यावर सुधारते. जीवनसत्त्व अ च्या अतिरेकाने मेंदूभोवतीचा दाब वाढून डोकेदुखी, अंधुक दृष्टी आणि नाडीच्या ठोक्याबरोबर कानात धपधप असा आवाज अशी तिन्ही लक्षणे एकत्र येतात. ह्युपरझीन असलेल्या स्मरणाच्या कॅप्सूलने बाहुली आकुंचन पावून धूसर दिसू शकते.

सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीआधी काही घेतल्यास कान-डोळे चांगले ठरतील का?

सातारा जिल्ह्यात हा प्रश्न मुले फार मनापासून विचारतात. नाही, ठरणार नाहीत. रंगांधळेपणा जन्मजात असतो आणि श्रवणाची पातळी कॅप्सूलने बदलत नाही. उपयोग होईल तो कानातला मळ तज्ज्ञाकडून आधीच काढून घेतल्याने, जुना फुटका पडदा वेळीच दाखवल्याने आणि तपासणीपूर्वीचे दोन-तीन दिवस मोठ्या आवाजापासून लांब राहिल्याने.

मिरवणुकीत जाण्याआधी एखादी गोळी घेतल्यास कान वाचतील का?

अशी खात्रीची गोळी नाही. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन होतो असे धरले, तर दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. ध्वनिवर्धकांच्या भिंतीसमोर आवाज याहूनही मोठा असतो. कानात फोमचे बोळे घालावेत, भिंतीपासून दूर चालावे आणि कडेवरच्या बाळाला तिथे नेऊच नये.

वडिलांना हल्ली विसरायला होते आणि ऐकूही कमी येते. स्मरणशक्तीची कॅप्सूल सुरू करू का?

आधी श्रवणचाचणी करावी, असा माझा आग्रह आहे. ज्यांना नीट ऐकू येत नाही त्यांच्या कानावरून निम्मे बोलणे निसटते, आणि जे ऐकलेच नाही ते आठवणार कसे? घरच्यांना तो विसरभोळेपणा वाटतो. त्याशिवाय कमी ऐकू येणारा माणूस पारावर जाणे सोडतो, फोन घेणे टाळतो, लग्नकार्यात एका कोपऱ्यात बसतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे चौदा धोके सांगितले आहेत आणि श्रवणदोष त्यातील सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे.

श्रवणयंत्राने स्मृती वाचते का, याची चाचणीही झाली आहे. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ व्यक्तींवर तीन वर्षे चाललेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्वांचा मिळून विचार करता फरक दिसला नाही. परंतु ज्यांना आधीच हृदयविकारासारखे धोके अधिक होते अशा गटात श्रवणयंत्र व समुपदेशन मिळालेल्यांची बौद्धिक घसरण ४८ टक्के कमी झाली. कोणत्याही बुद्धिवर्धक कॅप्सूलच्या मोठ्या चाचणीत असा आकडा मिळालेला नाही. वडिलांचे बी १२, थायरॉइड, साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावे, श्रवणयंत्र लागत असेल तर ते लावावे आणि पहिले दोन महिने घरच्यांनी धीराने साथ द्यावी, कारण इतक्या वर्षांनी ऐकू आलेला भांड्यांचा आवाजही सुरुवातीला नकोसा होतो. जवळ जाऊन, समोरून आणि सावकाश बोलावे.

बाटली विकत घेताना काय पाहावे?

आहारपूरकावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना असते. ती असलेल्या बाटलीवर ‘बहिरेपणा बरा होतो’ असा दावा केलेला दिसला, तर तो दावा नियमबाह्य समजावा. आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवाना क्रमांक असतो. घटकांच्या नुसत्या यादीपेक्षा प्रत्येकाची मात्रा लिहिलेली आहे ना, हे बघावे; ‘विशेष मिश्रण’ म्हणून एकच एकूण वजन दिलेली बाटली घेऊ नये. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांशात शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले, आणि धातू-खनिजे वापरून केलेल्या रसौषधींत हे प्रमाण अधिक होते. शिसे दीर्घकाळ शरीरात गेल्यास मुलांचे श्रवण आणि बुद्धी दोन्ही घटतात. बिनलेबलच्या पुड्या, गावोगावी फिरणाऱ्यांची भस्मे आणि बाळांना दिले जाणारे अनोळखी थेंब यांना म्हणूनच ठाम नकार द्यावा.

पूरक सुरू केल्यावर त्रास झाला, तर काय करावे?

एका कानाने अचानक, तासाभरात किंवा एक-दोन दिवसांत ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. हा मळ असेल, सर्दी असेल म्हणून आठवडा घालवू नये. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जितक्या लवकर तितका अधिक, होतो. अचानक दिसेनासे होणे, एका बाजूचा अशक्तपणा, अंगावर पुरळ येऊन तोंड-डोळ्यांची त्वचा सोलवटणे, डोळे-लघवी पिवळी होणे, यांसाठीही थांबू नये. हळूहळू वाढणाऱ्या मुंग्या, बधिरता, कानातला आवाज किंवा चवीतील बदल यांसाठी काही दिवसांत वेळ घ्यावी.

येताना घरातील सर्व बाटल्या, पट्ट्या, पुड्या एका पिशवीत घालून आणाव्यात आणि प्रत्येक केव्हा सुरू झाली ते कागदावर लिहून ठेवावे. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्ण स्वतःही करू शकतो. भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. लेबलवरील खोट्या दाव्याची किंवा भेसळीच्या संशयाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी द्यावी, आणि उरलेली बाटली फेकून न देता तशीच बंद करून पुरावा म्हणून जपून ठेवावी.